पाचारणाची पारख एकट्याची नाही

एखादा तरुण किंवा तरुणी चर्चच्या मंडळीसमोर उभी राहून सांगते, ‘प्रभूने मला सेवेसाठी बोलावले आहे.’ यानंतर बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण ‘आमेन’ म्हणतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि विषय तिथेच संपतो. काही जण गप्प राहतात आणि घरी जाताना आपसांत म्हणतात, याला दुसरे काही जमले नाही म्हणून आता हे. दोन्ही प्रकारचे लोक एक काम टाळतात. त्या व्यक्तीजवळ बसून कोणी विचारत नाही की हे तुला कधीपासून वाटते, कशामुळे वाटते, आणि तुझ्या सेवेने आतापर्यंत कोणाचे भले झाले आहे.

पाचारण, म्हणजे सेवेसाठीची हाक, देव देतो, याविषयी ख्रिस्ती माणसात वाद नाही. पण ते ओळखायचे कोणी? आजचे सर्वमान्य उत्तर असे आहे की ज्याचे त्याने. एकांतात जा, उपास कर, वचन वाच, अंतःकरणात आवाज आला की निघ. यातली एकही गोष्ट खोटी नाही. तरी हे उत्तर अर्धवट आहे आणि त्याने बरेच नुकसान केले आहे, असे मला ठामपणे वाटते. पाचारणाची पारख हे मंडळीचे काम आहे. ते काम जी मंडळी करत नाही, ती बोलावलेल्यांना वाऱ्यावर सोडते आणि न बोलावलेल्यांच्या हाती मेंढरे देते.

पवित्र शास्त्रातील पाचारणाच्या कथा आपण एकट्या माणसाच्या कथा म्हणून वाचतो. त्या तशा नाहीत. बालक शमुवेलाला रात्री हाक आली, पण हाक मारणारा कोण हे त्याला कळले नाही. तीनदा तो उठून एली याजकाकडे धावला. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात आले आणि त्याने मुलाला सांगितले की पुन्हा हाक आली तर ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे म्हण. हा एली काही आदर्श याजक नव्हता. त्याची दृष्टी मंद झाली होती, त्याचे मुलगे दुराचारी होते आणि त्याने त्यांना आवरले नव्हते. शमुवेलाला मिळणारा पहिला संदेशही एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तरीही त्या मुलाला देवाचा आवाज ओळखायला ज्याने शिकवले तो हाच थकलेला, चुकलेला म्हातारा होता. आपल्या मंडळीतले वडील, म्हणजे मंडळी चालवणारे पुढारी, फार मोठे आत्मिक पुरुष नाहीत, त्यांना काय विचारायचे, असे जे म्हणतात त्यांनी या कथेकडे पुन्हा पाहावे.

शौलाचे, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रेषिताचे, उदाहरण तर सर्वांत प्रसिद्ध. दिमिष्काच्या वाटेवर आकाशातून प्रकाश, प्रत्यक्ष प्रभूची वाणी. याहून थेट पाचारण कोणते? पण त्याच प्रभूने त्याला सांगितले की शहरात जा, तुला काय करायचे ते तिथे कळेल. आंधळा झालेला शौल तीन दिवस वाट पाहत राहिला आणि हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याने येऊन त्याच्यावर हात ठेवले. पुढे यरुशलेमेत शिष्य त्याला भीत होते, तेव्हा बर्णबा नावाच्या शिष्याने त्याची बाजू घेतली. गलतीकरांस पत्रात पौल स्वतः सांगतो की पालटानंतर तो अरबस्तानात गेला, मग दिमिष्कास परतला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेस जाऊन पेत्राला भेटला. अंत्युखिया शहरातल्या मंडळीतून त्याला सेवेसाठी पाठवले गेले ते त्याही पुढे, काही वर्षांनी. मंडळी उपास आणि उपासना करत असताना पवित्र आत्मा बोलला, तो एकट्या शौलाशी नव्हे. बर्णबा व शौल यांना माझ्यासाठी वेगळे करा, असे त्या मंडळीला सांगितले गेले. मग मंडळीने त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना रवाना केले.

प्रेषितांच्या कृत्यांतले आणखी एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ते सहज नजरेतून सुटते. त्रोवसात पौलाला रात्री दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक माणूस त्याला, इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर, अशी विनंती करत होता. दृष्टान्त पाहिला एकट्या पौलाने. पण या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की त्यावरून ‘आम्ही’ अनुमान केले, देवाने ‘आम्हांला’ तिकडे सुवार्ता सांगायला बोलावले आहे. पौलासारख्या प्रेषिताचा दृष्टान्तदेखील सहकाऱ्यांच्या विचारविनिमयातून निर्णयापर्यंत पोहोचला. मग काल रात्री पडलेल्या स्वप्नावर आज नोकरीचा राजीनामा देणाऱ्याला आपण कशाच्या आधारावर थांबवत नाही?

मंडळीच्या इतिहासाने हा धागा बराच काळ घट्ट धरला होता. मिलानमध्ये 374 साली बिशपाच्या निवडीवरून तंटा पेटला, तेव्हा तो शमवायला आलेल्या राज्यपाल अँब्रोजलाच लोकांनी बिशप म्हणून निवडले. त्याचा तोवर बाप्तिस्माही झाला नव्हता. ऑगस्टीन 391 साली हिप्पोला गेला तो मठ स्थापण्याच्या विचारात. तिथल्या लोकांनी त्याला धरून बिशपापुढे नेले आणि याजकपदाची दीक्षा द्यायला लावली. तो रडला. या दोघांच्या बाबतीत हाक आधी बाहेरून आली आणि मनाची साक्ष मागाहून आली. आज कोणी अशी जबरदस्ती करावी असे मी म्हणत नाही. पण ‘आधी माझ्या मनात आले पाहिजे, मगच ते देवाचे’ हा नियम आपण कुठून आणला, याचा विचार व्हायला हवा.

याचा अर्थ आतली साक्ष गौण आहे असा नाही. धर्मसुधारक कॅल्व्हिनने दोन्हींत फरक केला होता: सेवकाला देवासमोर मनात जाणवणारे गुप्त पाचारण, आणि मंडळीकडून उघडपणे होणारे पाचारण. अँग्लिकन मंडळीच्या 1662 च्या प्रार्थनाविधीत डीकनपदाच्या (मंडळीतल्या पहिल्या दीक्षित पदाच्या) उमेदवाराला थेट विचारले जाते की हे पद स्वीकारण्यास पवित्र आत्मा तुला अंतर्यामी प्रवृत्त करत आहे असा तुझा भरवसा आहे काय. पण त्याच विधीत बिशप जमलेल्या लोकांनाही विचारतो की या माणसाविषयी कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर ती आताच सांगा. कॅथलिक दीक्षाविधीतही बिशप विचारतो, हा लायक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. आणि उत्तर येते की ख्रिस्ती जनांकडे चौकशी करून, जबाबदार व्यक्तींच्या शिफारशीनंतर तो लायक आढळला आहे. हे प्रश्न आजही विचारले जातात. दुःख याचे आहे की कित्येक ठिकाणी ते केवळ विधीपुरते उरले आहेत. चौकशी झालेलीच नसते.

जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट परिषदेत 1746 साली हाच प्रश्न चर्चेला आला: उपदेश करण्यास पवित्र आत्म्याने मला प्रेरित केले आहे असे जे म्हणतात त्यांची पारख कशी करायची? तिथे ठरलेल्या कसोट्या तीन होत्या. त्यांच्यात कृपा आहे का, म्हणजे ते खरोखर देवाला ओळखतात का आणि त्यांचे वर्तन तसे आहे का? त्यांच्यापाशी कृपादाने आहेत का, म्हणजे समज आणि शिकवण्याची हातोटी? आणि फळ आहे का, म्हणजे त्यांच्या बोलण्याने कोणी प्रभूकडे वळले का?

मला या तिसऱ्या कसोटीवर थांबावेसे वाटते. पहिल्या दोन कसोट्यांना माणूस स्वतःविषयी स्वतः उत्तर देऊ शकतो, चुकीचे का होईना. तिसरीला तसे देता येत नाही. फळ दुसऱ्याच्या आयुष्यात लागते, म्हणून त्याची साक्षही दुसऱ्याकडूनच घ्यावी लागते. आणि त्यासाठी माणसाने पद मिळण्याआधी काही काळ सेवा केलेली असावी लागते. म्हणून पाचारणाविषयी बोलायला येणाऱ्याला सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेचा, अर्ज देण्याआधी काम द्यावे. संडे स्कूलचा वर्ग घेऊ दे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर आठवड्याला भेटू दे, जिथे टाळ्या नाहीत आणि माइक नाही. एखाद्या वर्षाने त्या मुलांना, त्या रुग्णाला, त्यांच्या घरच्यांना विचारा. ज्याला मेंढरांचा कंटाळा येतो आणि फक्त व्यासपीठाची ओढ वाटते, तो या काळात आपोआप कळतो. बरेचदा त्याचे त्यालाच कळते, आणि तीही देवाची दयाच असते.

पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षपदाच्या, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या, अटी आहेत. तो अतिथिप्रिय असावा, शिकवण्यात निपुण असावा, मद्यपी नसावा, द्रव्यलोभी नसावा, नवशिका नसावा, घर चांगले चालवणारा असावा, बाहेरच्या लोकांतही त्याच्याविषयी चांगली साक्ष असावी. या पदाची इच्छा धरणे चांगले, असे पौल आरंभीच म्हणतो. पण दृष्टान्त, स्वप्न, आवाज यांचा त्या यादीत उल्लेखही नाही. सगळ्या अटी शेजारपाजारच्या माणसांना दिसतील, तपासता येतील अशा आहेत. त्याच पत्रात पुढे बजावले आहे की कोणावर हात ठेवण्याची घाई करू नकोस. तीमथ्याला स्वतःला पौलाने सोबत घेतले तेदेखील लुस्त्र व इकुन्य इथले बंधू त्याच्याविषयी चांगले बोलत होते म्हणून.

पारख कशासाठी हवी? मन फसवते म्हणून. सेवेची ओढ किती तरी वाटांनी येते. कोणी मोठ्या आजारातून उठतो आणि देवाचे ऋण फेडायचे म्हणून सेवेत येतो. कोणाच्या आईने तो पोटात असताना त्याला देवाला वाहिलेले असते, आणि आता तिच्या शब्दाचे ओझे त्याच्या खांद्यावर असते. कोणी जुन्या पापाचे प्रायश्चित्त शोधतो. कोणाला मान हवा असतो. घरात, कामावर कधी न मिळालेला मान पाळकाला मिळताना तो पाहतो. यातला एकही हेतू राक्षसी नाही, आणि अशाच वाटेने देव काहींना खरोखर आणतो. पण वाट म्हणजे पाचारण नव्हे, आणि हा फरक आत बसलेल्याला सहसा दिसत नाही.

मार्टिन ल्यूथरचेच पाहा. 1505 साली वादळात वीज जवळ कोसळली, तेव्हा मृत्यूच्या भयाने त्याने मठवासी होण्याचा नवस केला. त्याच्या वडिलांना तो निर्णय पसंत नव्हता. ही देवाची हाक नसून फसवणूक नसेल कशावरून, असे त्यांनी त्याला ऐकवले. 1521 साली मठवासी व्रतांविषयी लिहिताना ल्यूथरने वडिलांना उद्देशून मान्य केले की तो नवस आपण राजीखुशीने केला नव्हता, भयाने तो करवून घेतला होता. नवसाची पकड सुटली, पण तो शिकवायचा मात्र थांबला नाही. पुढच्या आयुष्यात सर्व बाजूंनी हल्ले होत असताना तो आधार घेत असे तो 1512 साली मिळालेल्या डॉक्टरपदाचा. ती जबाबदारी मी मागितली नव्हती, ती माझ्यावर टाकली गेली, असे तो सांगे. विजेच्या कडकडाटाने त्याला इतका भक्कम पाया दिला नव्हता. सेवेत वाईट दिवस येतातच. मंडळी फुटते, पगार थकतो, प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत. तेव्हा ‘मला एकदा असे वाटले होते’ ही आठवण पुरत नाही. ‘मला ओळखणाऱ्या, माझे दोष माहीत असलेल्या माणसांनी प्रार्थनापूर्वक मला इथे उभे केले’ ही आठवण पुरते. पारख म्हणजे सेवकाचा अपमान, असे मानणाऱ्यांना मी हेच सांगेन की ती त्याचे संरक्षण आहे.

भावनेच्या जोरावरून पाचारण मोजू नये, हे येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने फार बारकाईने टिपले. 1521 मध्येच तो लढाईत जखमी होऊन अंथरुणावर पडला होता. शौर्याची, दरबारी जीवनाची दिवास्वप्ने पाहताना त्याला आनंद होई. संतांसारखे जगण्याचे विचार करतानाही आनंद होई. फरक नंतर जाणवे. पहिल्या विचारांनंतर मन कोरडे पडे, दुसऱ्या विचारांचा आनंद मागे टिकून राही. शिबिराच्या शेवटच्या रात्री, गाण्याच्या सुरात, डोळ्यांत पाणी असताना घेतलेला निर्णय खोटा असतोच असे नाही. पण तो तीन महिन्यांनी, एका कंटाळवाण्या सकाळी कसा वाटतो ते पाहिल्याशिवाय त्याला पाचारण म्हणण्याची घाई कशाला?

आता यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. मंडळीच चुकली तर? आमोसाला बेथेलच्या याजकाने हाकलून लावले. मी गुरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा राखणारा होतो, परमेश्वराने मला उचलले, एवढेच तो सांगू शकला. यिर्मयाला त्याच्याच गावचे लोक मारायला निघाले. जरीना ली या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड अ‍ॅलन यांना सांगितले की प्रभूने मला उपदेश करायला बोलावले आहे. अ‍ॅलन म्हणजे वर्णभेदाविरुद्ध उभे राहून स्वतंत्र मंडळी उभारणारे पुढारी. तरीही त्यांनी उत्तर दिले की आमच्या नियमांत स्त्रियांच्या उपदेशाला जागा नाही. अनेक वर्षांनी, 1819 मध्ये, उपासनेत उपदेशक मध्येच अडखळला तेव्हा ली उठल्या आणि त्याच वचनावर बोलल्या. त्या ऐकून अ‍ॅलन यांनी आपले मत बदलले आणि सर्वांसमोर त्यांच्या पाचारणाला मान्यता दिली.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. मंडळीचा नकार म्हणजे देवाचा नकार, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. स्त्रिया, गरीब, कमी शिकलेले, बोलण्यात अडखळणारे, पुढाऱ्यांच्या नात्यात नसलेले यांच्या वाट्याला असे नकार किती आले याचा हिशेब मंडळ्यांना द्यावाच लागेल. पण लींच्या कथेतूनही एकटेपणाचे समर्थन निघत नाही. त्यांचे पाचारण शेवटी लोकांसमोर, फळावरून ओळखले गेले, आणि ज्याने नाकारले होते त्यानेच ते कबूल केले. पारख करणारे चुकतात, तेव्हा पारख अधिक प्रामाणिक करावी लागते. ती मोडून टाकून चालत नाही. नकार देणाऱ्यांवरही बंधन हवे. कारण सांगा, ते वचनातून सांगा, आणि काही काळाने पुन्हा बघायची तयारी ठेवा. ‘आम्हांला तसे वाटत नाही’ हे कारण नव्हे.

आणि वाट पाहण्याने खरे पाचारण मरत नाही. मदर टेरेसा 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत होत्या, तेव्हा गरिबांतल्या गरिबांची सेवा करण्याची हाक त्यांना आली. त्या लगेच मठ सोडून निघाल्या नाहीत. आर्चबिशपांनी वेळ घेतला, प्रश्न विचारले, परवानगी रोमहून यायची होती. 1948 साली त्या बाहेर पडल्या. ती दोन वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

एक गैरसमज मात्र इथेच दूर व्हायला हवा, कारण तो सगळ्या चर्चेला वाकडे वळण देतो. सेवा म्हणजे पाळकपण, आणि बाकीचे सारे उरलेसुरले, असा तो समज आहे. अशुद्ध आत्म्यांपासून मुक्त झालेल्या माणसाने येशूला विनवले की मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशूने नकार दिला. घरी जा, आपल्या माणसांना सांग, असे म्हणाला. त्याचे पाचारण घरीच होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू शिवत आणि त्याच घरात अपुल्लोसासारख्या वक्त्याला देवाचा मार्ग नीट समजावून देत. निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले ते सोन्या-रुप्याच्या आणि लाकडाच्या कारागिरीसाठी. आणि दीक्षित पाळकाचे पाचारणही पदाला बांधलेले नसते. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभा केला. पद गेले, सेवा अधिक मोकळी झाली. ज्या मंडळीत हिशेब प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या बाईचे पाचारण कोणी ओळखत नाही, त्या मंडळीला व्यासपीठावरच्या माणसाचे पाचारण तरी नीट ओळखता येईल का, याची मला शंका आहे.

पारख म्हणजे केवळ उमेदवार आला की त्याची परीक्षा घेणे नव्हे. पाचारण असलेले बरेच जण कधी येतच नाहीत. त्यांना स्वतःविषयी शंका असते, घरची जबाबदारी असते, किंवा आपल्यासारख्याला कोण विचारणार असे वाटत असते. अंत्युखियाची मंडळी वाढू लागली तेव्हा बर्णबाने हे ओळखले की इथे शौलाची गरज आहे, आणि तो त्याला शोधायला तार्सास गेला. त्यानंतर वर्षभर दोघांनी मिळून तिथे शिकवले. आपल्या वडिलांच्या सभांत इमारतीची दुरुस्ती आणि सणाचे कार्यक्रम यांवर तास जातात. यंदा आपण कोणाला शोधायला जायचे, कोणाकडे जाऊन म्हणायचे की ‘तुझ्यात आम्हांला हे दिसते, तू यावर प्रार्थना करशील का’, हा विषय पत्रिकेवर पहिला असायला हवा. त्यासाठी नावे सुचवायची तर आधी आपल्या माणसांना नीट ओळखावे लागेल, त्यांच्या घरी जावे लागेल, त्यांचे काम पाहावे लागेल. आणि ज्याचे नाव सुचवले त्याच्या सोबत पुढची काही वर्षे राहावे लागेल, तो कमी पडला तरीही.